मधलं नाव

गेल्या तीन वर्षांत देशाबाहेर काढलेले दिवस
ओळीने लिहा, म्हणतो फॉर्म.
निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, कारण.
कॉलिन भिंग घेऊन पासपोर्टावरचे शिक्के वाचतो,
मी टाईप करते.
त्याच्या जॅकेटाला स्मोकहाऊसचा वास,
दिवसभर हॅडकला धुरी देऊन आलेला,
आणि फडताळात माझे सोडे,
पिशवीत पिशवी, तिच्यावर आणखी एक,
तरी बोलायचे थांबत नाहीत.

नागरिकाची बायको म्हणून मला तीनच वर्षं.
बाकीच्यांना पाच.
"सेलमध्ये मिळाली तुला," कॉलिन म्हणतो.
मी त्याला कोपराने ढोसते.

एप्रिल, भाचीचं बारसं. एकोणीस दिवस.
ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. कारण काय लिहू? सुट्टी.
सुट्टी कसली, आठवडाभर जाळी शिवत बसले होते.
मग फेब्रुवारी. नऊ ते तेवीस.
कॉलिन बोटांवर मोजतो: पंधरा.
नाही रे, निघाल्याचा दिवस धरत नाहीत,
आल्याचाही नाही.
तेरा.
तो मान डोलावतो, आकडा लिहून घेतो.
तेरा म्हणजे काय ते मी त्याला सांगत नाही.

नऊ तारखेला ग्रिम्सबीहून पहाटेची गाडी धरली
तेव्हा बाबा होते.
दोह्याला विमान बदललं. फोन केले.
कुणी उचलला नाही, सगळ्यांनी ठरवून.
हर्णेला पोचले तर ओटीखाली चपलाच चपला.
"काल दुपारी दोनला," आई म्हणाली.
दोन, म्हणजे इथले साडेआठ.
गाडी शेफील्डला थांबली होती,
मी चीज सँडविचचं प्लास्टिक दातांनी फाडत होते.
कायदा बरोबर आहे.
त्या दिवशी मी देशाबाहेर नव्हते.

कारण: कौटुंबिक भेट.
भेट झाली नाही, पण रकाना तेवढाच आहे.

यापूर्वी तुम्हाला इतर कोणत्या नावाने ओळखत होते?
लग्नात काकीने ताटात तांदूळ पसरले,
अंगठी बोटांत धरून कॉलिनला विचारलं,
नवं नाव काय ठेवायचं हिचं?
मी इंग्रजीत सांगितलं. तो गडबडला,
"आहे त्यात काय वाईट आहे?"
काकीने डोक्याला हात लावला
आणि तेच नाव पुन्हा काढलं, तांदळात,
थोडं तिरकं.
इतर नाव: नाही.

शेजारच्या ऑड्रीबाई, निवृत्त मास्तरीण,
माझ्या ओळखीची सही द्यायला आल्या.
तीन वर्षांहून जास्त ओळखता ना?
"भिंतीपलीकडून," त्या म्हणाल्या, "वासाने."
आणि सही केली, शाळेतल्यासारखी, ठसठशीत.

मे महिन्यात टाउन हॉल. अकरा जण, एक तान्हं मूल.
रजिस्ट्रारबाईने आधीच येऊन विचारलं,
तुमचं मधलं नाव कसं म्हणायचं?
पेन्सिलीने तुकडे पाडून घेतले.
ते माझं नाही, वडिलांचं, मी म्हटलं.
"हो का? छान," बाई म्हणाल्या, पुढच्या माणसाकडे गेल्या.

बाबांनी पासपोर्ट काढला नाही कधी.
तांडेल माणूस. पाण्याला हद्द असते
हे त्यांना कोस्टगार्डच्या भोंग्याने शिकवलं,
आणि त्यावरही त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

"हेमांगी डट्टा-राम चोगले."
आम्ही उठलो.
खुर्ची करकरली. कॉलिनने काढलेला फोटो हलला,
त्यात नुसता माझा खांदा आणि झेंडा.

रात्री आईला फोन.
जुना पासपोर्ट आता परत द्यायचा, मी सांगितलं,
रद्दचा शिक्का मारतात.
"म्हणजे इथे यायला तुला परवानगी काढावी लागणार?"
हो.
थोडा वेळ तिकडून नुसता वारा.
"सोडे आहेत की संपले?"